जुन्या रेडिओंचा वीट आला तर: छंद मोडीत काढण्याआधी

गेल्या वर्षी आषाढी एकादशीच्या काही आठवडे आधी एक गृहस्थ आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी आले आणि आपला रेडिओ परत घेऊन गेले. रेडिओ म्हणजे उघडी चॅसी (आतले भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा), वेगळी पडलेली सागवानी पेटी आणि स्टीलच्या वाटीत गोळा केलेले स्क्रू. १४ महिने हे सगळं माझ्या टेबलावर होतं. आधी मी त्यांना ‘दिवाळीपर्यंत देते’ म्हटलं होतं, मग ‘संक्रांतीपर्यंत’. येताना त्यांनी आंब्याची रिकामी पेटी आणली होती. सामान तिच्यात रचता रचता त्यांनी विचारलं, “ताई, याची बटणं?” चारांपैकी तीन सापडली. चौथं कुठल्या डब्यात टाकलं ते काही केल्या आठवेना. ते रागावले नाहीत. “राहू द्या, तुमच्या मागे कामं असतील,” एवढं म्हणून पेटी उचलून गेले.

त्या रात्री मी घरातले रेडिओ मोजले. ४१ भरले. त्यातले चालू १७. आणि गेल्या महिनाभरात मी त्यातला एकही लावलेला नव्हता.

पुढचे चार महिने मी जे केलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. माझा छंद वाल्वच्या रेडिओंचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या. तुमच्याकडे ग्रामोफोन असतील, भिंतीवरची किल्लीची घड्याळं असतील, कॅमेरे असतील. ज्या वस्तू जमवायच्या आणि दुरुस्तही करायच्या, त्या सगळ्या छंदांत माणूस याच वाटेनं थकतो, असं मला वाटतं.

आधी दोन आठवडे नुसती नोंद

बर्नआउट हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तो सेवाभावी दवाखान्यांत राबून थकलेल्या लोकांसाठी वापरला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, ती फक्त नोकरी-कामापुरती. लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. छंदाला हा शब्द लावू नये असं ती व्याख्याच सांगते, आणि ते मला मान्य आहे. पण ही तीन लक्षणं वाचली तेव्हा माझं टेबलच डोळ्यांसमोर आलं. आपल्या भाषेत याला वीट येणं म्हणतात, मन उडणं म्हणतात.

साध्या कंटाळ्यावर आठ दिवसांची सुट्टी पुरते. विटावर पुरत नाही. दोहोंतला फरक ओळखायला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १४ दिवस खुणा करा. रेडिओ लावून ऐकला तर ‘ऐ’. दुरुस्तीला बसलात तर ‘का’. नुसता रेडिओकडे पाहून जीव दडपला तर ‘द’. फोनवर विकाऊ रेडिओ पाहत बसलात तर ‘वि’. या काळात वागणं बदलायचं नाही, फक्त खूण करायची.

माझ्या १४ दिवसांत ‘ऐ’ एकही नव्हता. ‘का’ २, ‘द’ ११ आणि ‘वि’ १३.

ही शेवटची दोन अक्षरं मी बराच वेळ बघत बसले. जी वस्तू पाहून जीव दडपतो, तीच आणखी घ्यायला हात शिवशिवतोय. तुमच्या खुणांमध्ये ‘ऐ’ जवळजवळ नसेल आणि ‘वि’ भरपूर असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ‘ऐ’ आणि ‘का’ दोन्ही बऱ्यापैकी असतील तर तुम्ही फक्त दमला आहात. चार दिवस महेश्वरला जाऊन या, नर्मदेच्या घाटावर बसा, परत आलात की हात आपोआप टेबलाकडे वळेल.

आणि एक गोष्ट आधीच सांगते. रेडिओच नव्हे, सगळ्याच गोष्टींवरून मन उडालं असेल, झोप-भूक बिघडून दोन आठवडे झाले असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. तिथे बोलता येतं.

पहिली पायरी: नेम धरा

मला एकादशीचा मुहूर्त आयता मिळाला. आमच्या सासूबाई चातुर्मासात कांदा-वांगं सोडतात. मी रेडिओ घेणं सोडलं, आषाढी ते कार्तिकी. तुम्हाला चातुर्मास नसेल पाळायचा तर कुठलेही चार महिने धरा, पण शेवटची तारीख ठरवूनच. ‘आता बास, पुन्हा कधी घेणार नाही’ असल्या शपथा पंधरा दिवसांत मोडतात. तारखेचा नेम पाळला जातो, कारण मनाला कळतं की पुढे दार उघडणार आहे.

नेमाला कामं जोडावी लागतात. कुणाला बयाणा दिलेला असेल तर तो व्यवहार आधी पुरा करा किंवा मोडा, लोंबकळत ठेवू नका. विक्रीचे ग्रुप सोडू नका, फक्त त्यांचे आवाज बंद करा. सोडले की आपण काहीतरी गमावतो आहोत असं वाटत राहतं. आणि ज्या अटालेवाल्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, तुम्ही माल उचलता त्याला समोर जाऊन सांगा. आमच्या ओळखीचा एक भला माणूस आहे. जुनं घर रिकामं झालं आणि रेडिओ निघाला की तो मला सगळ्यात आधी फोन करतो. मी त्याला म्हटलं, “भैया, कार्तिकीपर्यंत मला फोन करायचा नाही.” त्यानं पंचांग मागितलं नाही, “दिवाळी के बाद” असं वहीत लिहून घेतलं.

त्याच चार महिन्यांतला पहिला महिना दुरुस्तीही बंद आणि विक्रीही बंद. विक्री बंद हे मुद्दाम सांगते. वीट आलेला माणूस रागाच्या भरात सगळं काढून टाकतो आणि मग वडिलांचा रेडिओ परत मिळावा म्हणून दारोदार फिरतो. मी असे दोघं पाहिले आहेत.

हात थांबवण्याआधी टेबल सुरक्षित करा

उघडा सेट तसाच सोडून उठायचं नाही. वाल्वच्या रेडिओत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो. प्लग काढल्यावरही तो फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, राहू शकतो. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा. एक क्लिप चॅसीला, दुसरी कंडेन्सरच्या अधिक टोकाला, पाच-दहा सेकंद. मग मल्टीमीटरनं मोजा आणि शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करायची पद्धत बऱ्याच मिस्त्रींकडे आहे. त्यानं कंडेन्सर खराब होतो, कधी डोळ्यालाही इजा होते.

सेट झाकायला प्लास्टिक वापरू नका. पावसाळ्यात आत ओल धरते आणि स्विचचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. जुनी सुती साडी उत्तम. पेटीच्या तळाशी बोट फिरवून पाहा. बारीक भुकटी लागली तर लाकूड किडलं आहे, मातीची रेघ दिसली तर वाळवी. एवढी एक गोष्ट मात्र महिना थांबू शकत नाही.

दुसरी पायरी: एकच रेडिओ, आणि तो ऐकायला

सगळ्या पायऱ्यांत ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माझा वीट कशानं आला हे इथेच कळलं.

रेडिओ निवडताना दुर्मीळ, देखणा, महागाचा असलं काही बघू नका. सगळ्यात कमी कुरकुर करणारा घ्या. माझ्याकडे एक साधा पाच वाल्वचा सेट आहे. पेटीला एका बाजूनं चट्टा आहे, म्हणून तो कधी बैठकीत आला नव्हता. तो मी स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवला. निवडताना एक तपासणी मात्र कराच: आउटपुट वाल्वच्या (स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या शेवटच्या वाल्वच्या) ग्रिडला जाणारा कागदी कंडेन्सर बदललेला आहे ना. तो जुना असला तर गळतो, वाल्वमधून जादा करंट ओढला जातो आणि वाल्वबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. बदललेला नसेल तर दुसरा सेट घ्या. हा महिना सोल्डरिंगचा नाही.

आता प्रश्न ऐकायचं काय. ही खंत प्रत्येक वाल्ववाल्याची आहे, मोकळेपणानं बोलली जात नाही एवढंच. डायलच्या काचेवर दिल्ली, मुंबई, सिलोन, लंडन छापलेलं असतं आणि काटा फिरवला की नुसती खरखर. आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ साली मालवा हाउसमधून सुरू झालं. मीडियम वेव्हवर त्याचा आकडा ६४८ किलोहर्ट्झ. माझ्या आईला तो आकडा घरच्या पत्त्यासारखा पाठ होता. बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद झाली, तेव्हा घरोघरचे काटे शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले. मग १९५७ मध्ये विविध भारती आली. हे सगळं ज्या यंत्रांनी पकडलं ती यंत्रं आपण जमवतो, आणि पकडायला हवेत दिवसेंदिवस कमी उरत चाललं आहे. मी दुरुस्त करत होते ती वस्तू दुरुस्त झाल्यावरही मुकीच राहणार होती. हे मनाला कळत होतं, पण मी त्याच्याशी कधी नीट बोलले नव्हते.

यावर उपाय आहे. बऱ्याच सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकांचं सॉकेट असतं, ‘पी.यू.’ किंवा ‘ग्राम’ असं लिहिलेलं. बँड स्विच त्या जागेवर फिरवला की बाहेरचा आवाज रेडिओच्या वाल्वमधून आणि स्पीकरमधून येतो. बॅटरीवर चालणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर तिथे जोडा. डाव्या आणि उजव्या तारेत एकेक किलोओहमचा रेझिस्टर घालून दोन्ही एकत्र करा, थेट चिकटवू नका. फोनवर आकाशवाणीच्या ॲपमधून विविध भारती लावा.

पण थांबा. हे फक्त मेन ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटवर करायचं. ज्या सेटवर ‘एसी/डीसी’ लिहिलेलं आहे, ज्यात यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे ‘यू’नं सुरू होणारे वाल्व आहेत, त्यांची चॅसी थेट घरच्या विजेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर पूर्ण चॅसीत फेज येते, अगदी बटणाच्या बारीक स्क्रूपर्यंत. म्हणूनच जुने मिस्त्री त्या स्क्रूच्या भोकात मेण भरत. अशा सेटला बाहेरची कुठलीही तार जोडू नका, आणि उघड्या बटणाच्या दांडीला हात लावू नका.

मग वेळ ठरवा. माझी संध्याकाळची, कणीक मळताना. बटण फिरवलं की आधी डायलचा दिवा लागतो. वीसएक सेकंद काहीच होत नाही. मग आतून बारीक हुंकार, आणि गाणं लांबून चालत आल्यासारखं येतं. पहिले चार-पाच दिवस मी गाणं ऐकलंच नाही. हम, म्हणजे विजेची घूं-घूं, किती आहे, व्हॉल्यूमला खरखर आहे का, हेच कान शोधत होते. तसं झालं तर ठीक आहे. जवळ कागद ठेवा, दोष लिहा, कागद घडी करून ठेवून द्या. हातात हत्यार घ्यायचं नाही. सहाव्या की सातव्या दिवशी सासूबाई आत येऊन म्हणाल्या, “अगं, जरा मोठा कर.” तेव्हा मला जाणवलं की मीही मघापासून गुणगुणते आहे.

तुमच्या सेटला मॅजिक आय, म्हणजे स्टेशन लागल्याचं दाखवणारी उजेडाची नळी, असेल तर दिवे कमी करून बसा. स्टेशन नीट लागलं की ती हिरवी पापणी मिटत येते. ही नळी लागलेली असेल तेवढा वेळ तिचा उजेड झिजतो, म्हणून पुष्कळ संग्राहक तिचा फ्यूज काढल्यासारखं तिला बंदच ठेवतात. मी ठेवत होते. या वर्षी मी ती लावली. झिजू दे. बंद ठेवून ती आजवर कुणीच पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही.

तिसरी पायरी: वही आणि तास

महिना झाला की मोजदाद. प्रत्येक सेटला वहीत एक ओळ: कुणाचा, चालू की बंद, काय लागेल, किती तास लागतील. तास प्रामाणिक लिहा. ‘फक्त कंडेन्सर बदलायचेत’ असं वाटणारा सेट माझा अनुभव विचाराल तर सरासरी १५ तास खातो: भाग शोधायला महाराणी रोडच्या फेऱ्या, पेटीचं पॉलिश, कुठेतरी अडकलेली डायलची दोरी.

माझे २४ बंद सेट. गुणिले १५ म्हणजे ३६० तास. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला माझे ४ तास निघतात. म्हणजे ९० आठवडे, पावणेदोन वर्षं, तेही एकही नवा सेट आणला नाही तर. हा आकडा कागदावर पाहून मला धक्का बसण्याऐवजी बरं वाटलं. इतके दिवस वाटत होतं की मी आळशी आहे. कामच दोन वर्षांचं होतं.

चौथी पायरी: दुसऱ्यांचे सेट आधी

त्या २४ मध्ये ५ लोकांचे होते. ओझं खरं या पाचांचंच. आपला सेट दहा वर्षं पडून राहिला तरी कुणी विचारत नाही. दुसऱ्याचा राहिला की त्या माणसाच्या गल्लीतून जाणं आपण टाळू लागतो.

एकेकाला फोन करा. कारणं सांगू नका, तारखा देऊ नका. मी एवढंच म्हटलं: “काका, तुमचा रेडिओ मी ठेवून घेतला पण माझ्याच्यानं वेळेत होत नाही. परत आणून देते. कुणा दुसऱ्याला दाखवायचा असेल तर मी काय केलंय ते लिहून देईन.” दोघे म्हणाले, राहू द्या, घाई नाही. ते दोन मी ठेवले आणि पुढे दिवाळीआधी पुरे केले. तीन परत दिले.

परत देताना सेट पूर्ण जोडून द्या, प्रत्येक स्क्रू आपल्या जागी. आत एक कागद: कुठला कंडेन्सर बदलला, कुठला वाल्व तपासला, काय बाकी. आणि तारेला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: ‘प्लग लावू नये’. ही चिठ्ठी विसरू नका. साठ वर्षं जुना, अर्धवट दुरुस्त सेट घरातलं कुणीतरी उत्साहानं लावून बघतंच.

यापुढे दुसऱ्याचा एका वेळी एकच सेट, आणि नाही म्हणायचं तर दारातच. आत घेऊन, चहा देऊन, मग नाही म्हणता येत नाही. आपल्या माणसांत तर मुळीच नाही.

पाचवी पायरी: दुरुस्त न करता बंद करा

ही युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर दोन वर्षं वाचली असती. माझ्याकडे ९ सेट उघडे होते. मी ते दुरुस्त केले नाहीत. जोडून बंद केले.

एका सेटला एक तास. चॅसीचे वरून-खालून फोटो. काढलेले भाग झिपच्या पिशवीत, पिशवीवर सेटचा क्रमांक, पिशवी पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. चॅसी आत, मागचा पुठ्ठा लावलेला, बटणं दांड्यांवर. वहीत तारीख. झालं. वाल्व काढून ठेवायचे असतील तर प्रत्येकाला कागदात गुंडाळा आणि क्रमांक कागदावर लिहा. काचेवरचा छापा जुना झाला की बोटानं पुसला जातो, आणि मग ईसीएच ८१ कोणता आणि ईबीएफ ८९ कोणता हे काचेतून आत बघून ओळखत बसावं लागतं.

उघड्या सेटचं नुकसान आपल्या लक्षात येण्याच्या आत होतं. स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरची पातळ पानं धुळीनं भरतात, कुणाचा तरी हात लागून एखादं वाकतं, आणि मग काटा एका जागी आला की कर्रकन शॉर्ट. स्पीकरच्या कागदाला स्क्रू ड्रायव्हर टेकतो. डायलची काच तर नुसतं टेबल हलवताना जाते, आणि तशी काच पुन्हा मिळत नाही. पण नुकसानापेक्षा मोठी गोष्ट ही की उघडा सेट दिवसातून दहा वेळा आपल्याकडे बघतो. नवव्या सेटचा पुठ्ठा बसला त्या दिवशी खोलीत मला मोकळा श्वास घेता आला. एकही रेडिओ दुरुस्त झालेला नव्हता.

या आवराआवरीत ते चौथं बटण सापडलं, सुपारीच्या डबीत, दोन फ्यूज आणि एका पोस्टाच्या तिकिटाबरोबर. मी रामबागेत त्या गृहस्थांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, चहा दिला. आंब्याची पेटी बैठकीच्या कोपऱ्यातच होती. रेडिओ पुन्हा मागायचं मला सुचलं, पण बोलायचा धीर झाला नाही, आणि त्यांनीही दिला नाही.

सहावी पायरी: कमी करा, पण माणूस पाहून

दोन महिने ऐकून झालं की कुठले सेट नकोत हे कळू लागतं. मी वहीत प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हा चालू झाला तर मी ऐकेन का? १४ पुढे ‘नाही’ आलं. ते मी चांगले मिळाले म्हणून घेतले होते, स्वस्त मिळाले म्हणून, किंवा दुसरा कुणी घेईल म्हणून. घरातला वारसा या प्रश्नातून वगळा. आईचा रेडिओ चालो न चालो, तो राहणार.

देताना दोष आधी सांगा, भाव नंतर. चालू नसलेला सेट शिकणाऱ्याला द्या. आयटीआयच्या किंवा भौतिकशास्त्राच्या एखाद्या मास्तरांना विचारा, ट्रान्झिस्टरच्या आधीचं यंत्र उघडून दाखवायला त्यांना हवंच असतं. पेटी किडलेली आणि ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तरच भाग काढा: वाल्व, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, बटणं, डायलची काच. बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) वाल्व अजूनही जुन्या दुकानांच्या माळ्यावर निघतात, पण निघतातच असं नाही. उरलेलं भंगारात घालण्याआधी कंडेन्सर वेगळे काढा. इंदुरात घरोघरी येणाऱ्या कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, त्यातच टाका. उष्णता अडवायला आत लावलेला करडा-पांढरा पुठ्ठा भुरभुरत असेल तर कापू-घासू नका. जुन्या सेटमध्ये तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो.

घरच्यांशी बोलायचं तेही याच वेळी. कोणत्या जागेची कुणाला अडचण होते हे सरळ विचारा. मला वाटायचं ह्यांना बैठकीतले रेडिओ खुपतात. ते म्हणाले, बैठकीतले असू देत, छान दिसतात. अडचण सासूबाईंची होती: दिवाणाखाली सहा सेट कोंबल्यापासून त्यांचा पापड-कुरडयांचा डबा माळ्यावर गेला होता आणि त्यांना दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागत होती. सहा सेट हलवायला अर्धा तास लागला. तीन वर्षांत त्या एकदाही बोलल्या नव्हत्या.

शरीराचंही पाहा

हे थोडक्यात. माझी निम्मी चिडचिड डोळ्यांची निघाली. पन्नाशीत जवळचा नंबर बदलतो, आणि रेझिस्टरवरचा तपकिरी पट्टा लाल दिसू लागला की माणूस स्वतःला दोष देत बसतो. नवा चष्मा आणि भिंगाचा दिवा घ्या. सोल्डरचा धूर नाकाखालून जात असेल तर छोटा पंखा बाजूनं लावा आणि खिडकी उघडा. दहा-बारा किलोचा सेट एकट्यानं माळ्यावर चढवू नका. आणि रात्री दहानंतर उघड्या, चालू चॅसीवर काम नाही म्हणजे नाही. थकलेला हात आणि अडीचशे व्होल्ट यांची गाठ पडू देऊ नका.

परत सुरुवात: डायलची दोरी

कार्तिकी झाली की आपल्या सेटचं पहिलं काम लहान घ्या, एका बैठकीत संपेल असं. माझ्या मते डायलच्या दोरीइतकं चांगलं काम नाही. वीज लागत नाही, भाग विकत आणावा लागत नाही, आणि झालं की डोळ्यांना दिसतं.

प्लग काढलेला, कंडेन्सर रिकामा केलेला. जुनी दोरी सोडण्याआधी तिची वाट कागदावर काढा: कुठल्या कप्पीवरून, कुठल्या बाजूनं, दांडीला किती वेढे. तुटलेलीच असेल तर कप्प्यांवरच्या झिजेच्या रेषा पाहा, त्या वाट सांगतात. गँग पूर्ण मिटवा, सगळी पानं आत. दोरी न ताणणारी, विणलेली घ्या. सुती दोरा पावसाळ्यात सैल-घट्ट होतो. ड्रमच्या (गँगच्या दांडीवरच्या मोठ्या चाकाच्या) खाचेतून सुरुवात करा, कप्प्यांवरून आणा, ट्यूनिंगच्या दांडीला अडीच-तीन वेढे द्या. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर बटण मध्येच अडकतं. शेवट पुन्हा ड्रममध्ये, स्प्रिंगला. स्प्रिंग निम्मी ताणलेली हवी. गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब, आणि वाळेपर्यंत दहा मिनिटं हात मागे.

मग काटा दोरीत अडकवा, गँग मिटलेली असताना तो डायलच्या एका टोकाला यायला हवा. बटण हळू फिरवा. काटा न थबकता दुसऱ्या टोकाला पोचला आणि तसाच परत आला, की चॅसी पेटीत घाला. मागचा पुठ्ठा, खालचे चार स्क्रू, समोरची चारही बटणं. प्लग त्यानंतर.